आधी माझं नाव, मग तुझं

९ मार्च

दादा,

तीर्थरूप वगैरे लिहायला हात उठत नाही, म्हणून नुसतं दादा. फोन तू उचलत नाहीस. अकरा वेळा केला, बारावा करणार नाही. पत्ता तुझ्या मित्राकडून काढला, आपल्याला चामड्याचे पट्टे शिवून देतो त्याच्याकडून. त्यानेही आधी खूप आढेवेढे घेतले. चार वर्षं सगळ्या गावाला तुझा पत्ता माहीत होता, घरच्यांना सोडून.

कामाचं लिहिते. कार्यशाळेतला कॉम्प्युटर गेला. सोमवारी सकाळी चालू केला तर आतून टकटक आवाज, आणि काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ, बास. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला. आत दोन डिस्क आहेत म्हणाला. जिच्यावर सिस्टिम होती ती मेली, जिच्यावर पेशंटांची मापं आहेत ती ठणठणीत आहे. एवढी एक गोष्ट तू शहाण्यासारखी करून ठेवलीस, ती कबूल करते. त्याने नवी डिस्क बसवली आणि सगळे वापरतात ती सिस्टिम टाकून दिली. तर नकली पायांचे साचे कोरायचं मशीन हूं का चूं करेना. तुझा प्रोग्रॅम तुझ्या त्या लिनक्सवरच चालतो म्हणे. शेवटी दुरुस्तीवाल्याने हात वर केले. "ज्याने बसवलंय त्यालाच बोलवा ना ताई," म्हणाला. मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

सव्वातीनशे माणसांचे पाय त्या डिस्कवर अडकले आहेत. कुणाचा गुडघ्याखालून गेलेला, कुणाचा मांडीपासून. रोज दोघं-तिघं येतात, बाकावर बसतात, कुबड्या भिंतीला लावून ठेवतात आणि विचारतात, झालं का? बाबा हातानेच प्लास्टरचे साचे घासायला बसतात, पण त्यांची बोटं आता थरथरतात. बघवत नाही.

आणखी एक. परवाना मंडळाचं पत्र आलं आहे. लायब्ररीतल्या बाईंची तक्रार वर्षानुवर्षं ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होती, ती आता उघडली. बाई आपण दिलेल्या पायावर जिना उतरताना पडल्या, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, तर चुकीची मापं कुणी भरली, असं मंडळाने लेखी विचारलं आहे. त्या फाईलची कॉम्प्युटरवरची नोंद छापून, सही करून पाठवायची. कुणाच्या नावावर आहे, कधी बनवली, सगळं. महिनाअखेरपर्यंत. ज्याचं नाव निघेल त्याचा परवाना जाईल.

बाबांचं म्हणणं तेच आहे. माप दादाचं होतं, चूक दादाची. मी त्यात पडत नाही. झालं ते झालं, आता ते उगाळून काय मिळणार आहे?

इन्स्टॉल कसं करायचं तेवढं लिहून पाठव. येऊ नकोस म्हणत नाही, पण ये असंही म्हणत नाही.

— बहीण


२१ मार्च

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, वाण्याची यादी बरी. ना कशी आहेस, ना बाबा कसे आहेत. हे बघ, तुझंच तुला उतरवून पाठवते, म्हणजे वाचताना तुलाही जरा लाज वाटेल:

"पेनड्राइव्ह सोबत आहे. तो लावून मशीन चालू कर. त्याआधी मापांच्या डिस्कची वायर काढून ठेव, सगळं झाल्यावरच परत जोड. युजर दोन बनवायचे. आधी माझं नाव, मग तुझं. क्रम बदलू नकोस. कोरायचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर आहे."

संपलं. खाली सहीसुद्धा नाही.

वायर काढायची, समजलं. पण आधी तुझं नाव, मग माझं, हे कशासाठी? इथे रोज सकाळी कुलूप कोण उघडतं? बाकावरच्या माणसांची बोलणी कोण खातं? बाबांची औषधं, बाबांचे डॉक्टर, बाबांची चिडचिड, हे सगळं चार वर्षं कोण निस्तरतंय? आणि तू शेकडो मैलांवर दुसऱ्याच्या कार्यशाळेत बसून सांगणार की यादीत पहिलं नाव माझं! तुझ्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती म्हणा. लहानपणी खिडकीची जागाही तुझीच असायची.

बाबांना तुझं पत्र दाखवलं नाही. पेनड्राइव्ह बाजारातून आणला असं सांगितलं.

रविवारी बसते.

— बहीण


२५ मार्च

दादा,

झालं! घाईबाईने करून दाखवलं. तूच ठेवलेलं नाव आहे, तेव्हा वाचताना हसू आलं तर येऊ दे.

रविवारी जेवणं झाल्यावर कार्यशाळेचं दार आतून लावून बसले. बाबा वर झोपले होते. मापांच्या डिस्कची वायर काढली, टेबलावर ठेवली, पुन्हा एकदा खरंच निघाली आहे ना ते बघितलं. पेनड्राइव्ह लावला. मग ते सुरू झालं एकेक विचारायला. भाषा कोणती, कीबोर्ड कोणता, घड्याळ कुठलं लावू. नव्या जावयासारखी विचारपूस. मग एकदम म्हणालं, सगळी डिस्क पुसून टाकू का? मला घाम फुटला. उठून पाणी प्यायले, वायर सुटी आहे ना ते तिसऱ्यांदा बघितलं आणि हो म्हटलं.

मग त्याने नाव विचारलं. पहिल्या युजरचं पूर्ण नाव.

तुझा कागद समोरच होता. "क्रम बदलू नकोस." वाचला आणि माझं नाव टाकलं. मुद्दाम. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! पट्टी पुढे सरकत होती आणि मी खुर्चीत रेलून बसले होते. चार वर्षांत त्या खोलीत अशी बसलेच नव्हते. सगळं झाल्यावर तुझं नाव दुसरं टाकलं, कारण तुझा प्रोग्रॅम तुझं नाव असल्याशिवाय हलत नाही. तिथेही मिजास आहेच. मग मापांची डिस्क जोडली. सगळ्या फाईली जागच्या जागी. सोमवारी दुपारपर्यंत दोन साचे कोरून झाले. बाकावरच्या आजोबांनी मशीनला हात जोडले, मला नाही.

काही चुकलं असेल अशी शंकाही आली नाही. उलट गंमत अशी झाली की त्या डिस्कवरचा तुझा तो खाजगी फोल्डर, जो मला कधी उघडायचा नाही, तो आता आपसूक उघडतो. मालक म्हणून माझंच नाव दिसतं. मी आत बघितलेलं नाही. मला काय करायचंय तुझं खाजगी!

बाबा खाली आले, मशीन फिरताना बघितलं. म्हणाले, "जमलं की तुला." बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे हारतुरेच.

मंडळाचा कागद उद्या छापू म्हणतात.

— बहीण


२ एप्रिल

दादा,

हे पत्र तीनदा फाडलं. आता चौथ्यांदा लिहिते आहे आणि काय होईल ते होवो, टाकणार आहे.

मंडळाचा कागद छापला. बाबा स्वतः चष्मा लावून शेजारी बसले. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या पडद्याकडे नीट बघितलं. बाईंची फाईल काढली. तारीख बरोबर, वेळ बरोबर. आणि मालक म्हणून नाव तुझं.

बाबांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "बघ," म्हणाले. "मी काय सांगत होतो?"

मी छापायचं बटण दाबलं.

आता ऐक. ती फाईल मी बनवली होती. तुला हे माहीत आहे, मला माहीत आहे की तुला माहीत आहे. तरी एकदा माझ्या हाताने लिहू दे. बाईंचा नवा पाय त्याच दिवशी कोरायचा होता. तू बाईंचं माप घेऊन चिठ्ठी खिशात टाकलीस आणि तसाच इस्पितळात दुसऱ्या पेशंटांची मापं घ्यायला गेलास, दोन आठवड्यांसाठी. बाबा वरून ओरडत होते, लाव मशीन, लाव मशीन. चिठ्ठी सापडेना. तुला फोन करायला हवा होता. मी काय केलं, आदल्या वर्षीची फाईल उचलली, तिचीच नक्कल केली, वर नवी तारीख घातली. वर्षात असा किती फरक पडणार, म्हटलं. माझा परवानाही तेव्हा व्हायचा होता, परीक्षा तोंडावर होती, मी त्या फाईलींना हातच लावायचा नव्हता. पाय वर्षात वाळतो हे पहिल्या धड्यात शिकवतात. बाईंचा पाय वाळला होता. उरलेला पाय ज्यात बसतो ती खोबण सैल झाली. बाई म्हणाल्यासुद्धा, जरा हलतंय हो. बाबांनी आत एक जाड मोजा चढवायला सांगितला आणि त्यांना घरी पाठवलं.

मग आठ दिवसांनी जिना.

तू परत आलास तेव्हा बाबांनी तुला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. तू म्हणालास, "एकदा पडद्यावर बघा तरी, फाईल कुणाची आहे." बाबा म्हणाले, "मला मशीनचं सांगू नकोस." मग तू माझ्याकडे बघितलंस. मी प्लास्टर कालवत होते. मान वर केली नाही. त्यानंतर तू एक शब्द बोलला नाहीस आणि महिन्याभरात बाबा जा म्हणाले तेव्हा निघून गेलास.

आता हे नवं. तुझं नाव तिथे आलं कसं, म्हणून मी दोन दिवस डोकं फोडलं. शेवटी दुरुस्तीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "ताई, त्या सिस्टिमला नावं कळत नाहीत. डिस्कवर नुसते नंबर असतात. पहिला जो युजर बनवाल त्याला पहिला नंबर, दुसऱ्याला दुसरा. फाईलवर नंबर लिहिलेला असतो. त्या नंबराला आज ज्याचं नाव असेल ते पडद्यावर दिसतं."

जुन्या सिस्टिमवर पहिला तू होतास, दुसरी मी. मी हट्टाने पहिली झाले. तुझं सगळं माझं झालं आणि माझं सगळं तुझं. आधी माझं नाव मग तुझं, असं तू का लिहिलं होतंस ते आता कळलं. एक ओळ जास्त लिहिली असतीस तर मेला नसतास, दादा! कारण सांगितलं असतंस तर मी तसंच केलं असतं. तुला कधी कारण सांगायचंच नसतं. तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं आणि मोठं व्हायचं.

हो, तुझा फोल्डर मी वाचला. मागच्या पत्रात खोटं लिहिलं होतं. पहिल्याच दिवशी वाचला. बाबांनी तुला झापलं त्या तारखेचं टिपण आहे: "फाईल घाईबाईच्या नावावर आहे. तिची परीक्षा सोळा तारखेला. बाबांना सांगायचं नाही. आज चिठ्ठी फाडली."

चिठ्ठी फाडलीस. खरं माप तिच्यावर होतं, तुझ्या हातचं. ती दाखवली असतीस तर सुटला असतास. कुणी सांगितलं होतं तुला? मी सांगितलं होतं? मला चार वर्षं तुझा राग करत जगता आलं, तेवढं तरी ठेवायचंस. परीक्षा पास झाले तेव्हा घरात कुणीही नव्हतं ज्याला सांगावंसं वाटेल.

छापलेल्या कागदावर बाबांनी सही केली आहे. पाकीट बंद करून माझ्याकडे दिलं, टपालात टाक म्हणून. मंडळाकडून आठ दिवसांची मुदत वाढवून घेतली आहे. पाकीट मापांच्या कपाटात आहे.

काय करू ते सांग. नको, सांगू नकोस.

— घाईबाई


११ एप्रिल

दादा,

तुझी चिठ्ठी काल आली. "आहे तोच कागद जाऊ दे. मी इथे मशीनवर आहे, परवाना नसला तरी कुठेतरी खपून जाईन. तुझा गेला तर कार्यशाळा बंद होईल."

चिठ्ठी वाचून मी तुला जे बोलले ते इथे लिहिता येत नाही. शेजारच्या कुलूपवाल्याने खिडकी लावून घेतली.

चिठ्ठी यायच्या आधीच मी करून बसले होते. गेल्या रविवारी पुन्हा वायर काढली आणि सगळं पहिल्यापासून इन्स्टॉल केलं. ह्या वेळी तू लिहिलंस त्या क्रमाने. पहिलं नाव तुझं टाकलं. दुसरं माझं. डिस्क जोडली, बाईंची फाईल काढली. नाव माझं. तुझा फोल्डर मला बंद झाला, तेही बरं झालं. कागद छापला, जुन्याशेजारी ठेवला आणि बाबांना हाक मारली.

त्यांना सगळं सांगितलं. नंबर, नावं, चिठ्ठी, आदल्या वर्षीची फाईल. मला वाटलं होतं ओरडतील. ओरडायला हवे होते. त्यांनी दोन्ही कागद हातात घेतले, माझा कागद खाली ठेवला आणि तुझा परत पाकिटात घालायला लागले. बोटं थरथरत होती, कागद आत जात नव्हता.

मी म्हटलं, "बाबा, तो खोटा आहे."

"तो गेलाच आहे," बाबा म्हणाले. "गेलेल्याचं आणखी काय जाणार? तुझा परवाना गेला तर इथे पाय कोण करणार? मी? हे हात बघ."

"पण चूक माझी होती."

"मला काय माहीत नाही? घाई तुला मीच केली होती. तू जुनी फाईल काढलीस ते मी जिन्यातून बघितलं."

दादा, त्यांनी बघितलं होतं. त्याच दिवशी. "मला मशीनचं सांगू नकोस" म्हणाले ते मशीनवर विश्वास नव्हता म्हणून नाही. पडद्यावर कुणाचं नाव आहे ते त्यांना चांगलंच ठाऊक होतं. दोघांपैकी कोण घरात टिकेल आणि कोण नाही, एवढाच त्यांनी हिशोब केला. तू शिकलेला, तू आज ना उद्या जाणार. मी राहणार. मग तुझ्यावर घातलं. आणि मी चार वर्षं समजत होते की मी एकटी चोर आहे.

तू म्हणतोस पहिला कागद जाऊ दे, बाबा म्हणतात पहिला कागद जाऊ दे. इतक्या वर्षांत तुमचं दोघांचं एकमत झालं ते ह्यावर. माझं मत कुणी विचारलं? एक माझ्यासाठी चिठ्ठी फाडतो, दुसरा माझ्यासाठी मुलगा हाकलतो, आणि मी आपली प्लास्टर कालवत उभी. माझ्यावर उपकार करणाऱ्यांचा मला वीट आला आहे.

बाबा वर गेल्यावर माझा कागद रजिस्टर पोस्टाने पाठवला, सोबत सगळं लिहून. सैल पायात मोजा घालून बाईंना घरी पाठवलं, तेही लिहिलं. तुझा कागद बंबात घातला. पोस्टाची पावती सोबत जोडली आहे, कारण माझ्या नुसत्या शब्दावर तू विश्वास ठेवावास असं मी आजवर काही केलेलं नाही.

— बहीण


२७ मे

दादा,

मंडळाचा निकाल तुलाही आला असेल. तुझं नाव सुटलं. माझा परवाना रद्द, कायमचा. बाबांना ताकीद. मी फाटकाशी उभी राहून वाचलं. रडले नाही. हे काम मला येतं, दादा. तुझ्यापेक्षा चांगलं येतं. आता येत असून उपयोग नाही.

लायब्ररीतल्या बाईंकडे गेले होते. त्यांनी कुबडी घेऊन दार उघडलं. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतलं. "चार वर्षांपूर्वी आली असतीस तर मी तुला आत बोलावलं असतं," म्हणाल्या आणि दार लावलं. ते त्यांचं बरोबरच आहे. दाराच्या फटीतून तुझा पत्ता आत सरकवला. आल्या तर त्यांचं माप नव्याने घे आणि त्याच दिवशी भर.

कार्यशाळा दहा दिवस बंद आहे. फाईलींच्या दोन प्रती केल्या, एक तुझ्या नावाने पार्सल करते आहे. बाकावरच्या माणसांना दुसऱ्या कार्यशाळांचे पत्ते लिहून दिले. बाबा माझ्याशी बोलत नव्हते. एका घरात दोन माणसं असून ताट-वाट्यांचाच आवाज.

आज सकाळी बोलले. मी भांडी विसळत होते, ते मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता तरी काहीतरी म्हणतील. माझ्याबद्दल नको, निदान तुझ्याबद्दल. चुकलो म्हणतील.

"दादाचा परवाना शाबूत आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"मग त्याला लिही. ये म्हणावं. कार्यशाळा त्याचीच आहे." आणि वळता वळता, "तुझं काय ते बघू नंतर. तुझी कुठेतरी सोय करू."

ज्या आवाजात तुला जा म्हणाले होते ना, अगदी त्याच आवाजात. रागाने नाही. जुनी खोबण काढून नवी बसवताना बोलतात तसं.

निरोप बाबांचा आहे, म्हणून पोचवला. आता माझं ऐक. तू फार चांगला आहेस, त्यामुळे तुला दया येईल. पिशवी भरशील. बाबांचे हात थरथरतात, बाकावर माणसं बसली आहेत, हे सगळं तुला आठवेल, मीच लिहिलं आहे.

येऊ नकोस, दादा. मीही उद्या निघते.

— तुझी बहीण